डबल बेलवर चालणारी गाडी

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला गाडीत बसलेली पाहिलंत आणि विचारलंत, की आजी, गाडी सुरू करण्याआधी तू स्टिअरिंगवर दोनदा टकटक का करतेस? मी तेव्हा "सवय आहे" एवढंच म्हणाले. ते उत्तर अपुरं होतं. अपुऱ्या उत्तराला मी नोकरीभर अर्धेच गुण दिले, तेव्हा स्वतःला पूर्ण गुण घेणं बरं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ती सवय मुळात माझी नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक गृहस्थ राहायचे, त्यांची आहे. ते एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती निवृत्ती त्यांनी मनावर घेतली नव्हती. खाकी पँट आणि दोन खिशांचा शर्ट हाच त्यांचा वेश. घड्याळ वापरत नसत. दुपारची चिखली गाडी गेली की जेवायचे आणि संध्याकाळची मुक्कामी गाडी आली की दिवा लावायचे. गाडीला उशीर झाला तर त्यांच्या देवालाही उशीर व्हायचा. मेहकर ते जळगाव जामोद या रस्त्यावर त्यांची इतकी वर्षं गेली होती, की कोणी नवा माणूस भेटला तर नाव विचारायच्या आधी "कोणता थांबा?" असं विचारायचे.

लग्नात पंगत बसली की हे गृहस्थ मांडवाच्या दाराशी उभे राहून "पुढे सरका, पुढे जागा हाय" असं म्हणायचे, आणि लोक खरोखर सरकायचे. कोणाच्या घरी साखरपुडा असो, सत्यनारायण असो, हे कधी आत येऊन बसलेले मी पाहिले नाहीत. दारात उभे. तुमचे आजोबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांची दारात फार गर्दी झाली. मी आत भिंतीला टेकून बसले होते आणि मला कोणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात बाहेरून त्यांचा आवाज आला, "उतरणाऱ्याले आधी उतरू द्या." त्या दिवसांत मला हसू आलं ते तेवढं एकदा. पदर तोंडाला लावून हसले. बायकांना वाटलं मी रडते आहे, आणि त्याही रडल्या.

ड्रायव्हर या जातीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. स्वतः त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही, सायकलसुद्धा नाही. पण म्हणायचे, "डायवर रस्ता पाह्यतो, मॅडम. माणसं कोण पाह्यनार?"

आता माझ्याबद्दल. तुम्हाला ठाऊक आहेच, पण नोंद असावी. मी नीटनेटकी बाई आहे. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. काचेच्या बरणीतली हळद बाहेरून दिसते, तरी त्यावर "हळद" लिहिलेलं आहे. कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची आणि निबंधात कारण आधी, परिणाम नंतर, असं मुलांकडून घोटून घ्यायची. या गोष्टीत पुढे माझं जे काही झालं ते या पार्श्वभूमीवर वाचा.

तुमच्या आजोबांनी शेवटच्या वर्षी ही गाडी घेतली. तिला गियर बदलावे लागत नाहीत आणि किल्ली खुपसावी लागत नाही. किल्ली म्हणजे एक काळी, गुळगुळीत, पेढ्याएवढी वस्तू. ती तुमच्याजवळ, गाडीच्या आत असली की झालं. मग नुसतं बटण दाबायचं. आजोबांना ती फार चालवता आली नाही. ते गेल्यावर तुमचे बाबा म्हणाले, गाडी विकून टाकू. मी म्हणाले, मी शिकते. साठी केव्हाच उलटली होती. गावातल्या मोटार ट्रेनिंगवाल्याने माझ्याकडे पाहून आधी पाणी विचारलं. पण शिकले, परीक्षा पास झाले, लायसन्स मिळालं.

पहिल्याच दिवशी मी एकटीने गाडी मागे घेत असताना हे गृहस्थ फाटकाशी येऊन उभे राहिले आणि हाताने खुणा करायला लागले. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." मी येऊ दिली. मग त्यांनी गाडीच्या पाठीवर एक थाप मारली. मला वाटलं, शाबासकी आहे. मी आणखी मागे घेतली आणि अंगणातल्या हौदाचा कोपरा उडवला.

ते शांतपणे खिडकीशी आले. "एक बेल देल्ली होती ना, मॅडम."

मी विचारलं, एक बेल म्हणजे काय? तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने मी क्रियापदाला एस न लावणाऱ्या मुलांकडे पाहत आले होते. एक बेल म्हणजे थांबा. दोन बेल म्हणजे चला. एवढंही ज्या बाईला येत नाही तिला लायसन्स दिलं कोणी, असं ते म्हणाले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली तेव्हा ते मागच्या सीटवर, डाव्या दाराशी बसलेले होते. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. मी पुढे बसा म्हणाले तर म्हणाले, कंडक्टरची जागा पुढं नसते.

तेव्हापासून मी ड्रायव्हर. घराच्या अंगणात मी "मॅडम" असे, गाडीचं दार लागलं की "डायवर". सगळे नीट बसले का पाहून ते खिडकीच्या काचेवर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायचे. सगळे म्हणजे बहुतेक वेळा आम्ही दोघंच. मग मी गाडी हलवायची. मंडईत जायचं असो की बँकेत, जानेफळच्या रस्त्याला लागलो की प्रत्येक थांब्यावर गाडी हळू करायला लावायचे. कोणी चढायचं नसे, उतरायचं नसे. ते काच खाली करून थांब्यावरच्या म्हाताऱ्यांची विचारपूस करायचे आणि दोन बेल द्यायचे. मला सुरुवातीला राग यायचा. नंतर मीच ब्रेकवर पाय ठेवायला लागले.

मग किल्ली हरवली. नीटनेटक्या बाईची किल्ली. खामगावच्या बाजारातून भाजी घेऊन घरी आले, गाडी लावली, आणि संध्याकाळी पाहते तर किल्ली ठरलेल्या खुंटीवर नाही. पर्स उलटी केली, गाद्या उलट्या केल्या. दुसऱ्या दिवशी मेथी निवडायला घेतली आणि जुडीतून किल्ली निघाली, थंडगार. ती रात्रभर फ्रिजमध्ये "पालेभाज्या" अशी चिठ्ठी लावलेल्या पिशवीत होती. मी हा विनोद म्हणून तुमच्या बाबांना फोनवर सांगितला. ते हसले नाहीत.

कंडक्टरसाहेबही हसले नाहीत. संध्याकाळी ते त्यांची तिकिटांची पेटी घेऊन आले. लांबट, पत्र्याची, कोपरे चेपलेली. तिकिटं मशीनमधून निघायला लागली तेव्हा अशा पेट्या भंगारात गेल्या, यांनी आपली वाचवली होती. "पूर्ण सर्विसमंधी हिच्यातून एक तिकीट गहाळ नाई झालं," ते म्हणाले. "आता चाबी हिच्यात राहीन." किल्लीला ते चाबी म्हणत. मी एरवी वाद घातला असता, पण मेथीचा वास अजून माझ्या बोटांना होता. असं ठरलं की किल्ली कंडक्टरच्या ताब्यात, आणि ठरलेलं मी मोडत नाही.

आणि तेव्हापासून गाडी बिघडली.

म्हणजे असं. ते पेटीतून किल्ली काढून माझ्या हातात द्यायचे. मी दार उघडायची, किल्ली परत करायची. ते ती पेटीत ठेवून कडी लावून मागे बसायचे. मी बटण दाबलं की समोर इंग्रजीत अक्षरं यायची, किल्ली आढळली नाही. कर्मणी प्रयोग. कोणी शोधली, कुठे शोधली, काही पत्ता नाही. ते मागून म्हणायचे, "हाय ना चाबी. काऊन नाई म्हणून राह्यली?"

मी पद्धतशीरपणे कामाला लागले. गाडीबरोबर आलेलं जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. किल्लीतला सेल संपला असेल म्हणून घड्याळवाल्याकडून नवा आणला, नेलकटरच्या टोकाने किल्ली उघडली आणि सेल उलटा बसवला. मग सुलटा बसवला. मग खामगावच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथल्या कारागिराने किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. "काही नाही हो मॅडम, एकदम ओके आहे," म्हणाला आणि गाडी धुऊन दिली. आम्ही बसलो, पेटीची कडी लागली, मी बटण दाबलं. किल्ली आढळली नाही. कारागीर आत निघून गेला होता आणि त्याला पुन्हा हाक मारायची मला लाज वाटली.

तेव्हा मागून ते म्हणाले, "तुमी बेलच्या आधी बटन दाबून राह्यल्या."

त्यांनी पेटीची कडी काढली आणि पत्र्याचं झाकण दोनदा आपटलं. टण, टण. एस.टी.च्या बेलसारखाच आवाज. काचेवरच्या पेरांपेक्षा कितीतरी भारी. मी निव्वळ वैतागून बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली. ती हलल्यावर मागे कडी लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. बेलशिवाय नाही, बेलवर लगेच. त्यांना यात नवल काही नव्हतं. कोणतीही शहाणी गाडी डबल बेलशिवाय निघत नाही. मी मात्र शिकलेली. मी शास्त्रीय कारण शोधलं. माझ्या लक्षात आलं होतं की किल्ली माझ्या हातात असली की गाडी हमखास चालते. म्हणजे हाताच्या उबेने सेलची पट्टी फुगून नीट टेकत असणार, आणि पेटीत ती गार पडत असणार. मेथीच्या रात्री फ्रिजमध्ये राहिल्याने तिला हा विकार जडला असावा, असंही मी ठरवलं. काही दिवस मी निघण्यापूर्वी किल्ली दोन्ही तळव्यांत धरून बसायची आणि ते घाई करायचे. शेवटी त्यांची पद्धत लवकर उरकते म्हणून तीच चालू ठेवली. माझा सिद्धांत मात्र मी सोडला नाही. पेटी सोडून बाकी सगळ्यावर मी संशय घेतला होता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

अशात एकदा फोनवर बोलता बोलता मी तुमच्या बाबांना सहज म्हणून गेले, की हल्ली गाडी बेल दिल्याशिवाय सुरू होत नाही.

 त्यांनी विचारलं, आई, झोप लागते ना नीट?

पुढच्याच महिन्यात ते एकटे आले. सुट्टी शिल्लक होती म्हणाले. आल्या दिवशी त्यांनी फ्रिज उघडून बराच वेळ आत पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला झोप लागली आहे असं समजून ते ओसरीत फोनवर बोलत होते. चिखलीच्या कोणा माणसाला गाडी दाखवायची होती. "आईला मी सांगतो," ते म्हणाले. "तिला एकटं ठेवणंच आता कठीण आहे."

मी डोळे मिटून पडून राहिले. गाडी गेली असती तर मागोमाग घराला कुलूप लागलं असतं आणि मी तुमच्याकडे आले असते. तुम्ही मला आवडता, पण तुमच्याकडे मला मागच्या सीटवर बसावं लागतं.

संध्याकाळी मी जाहीर केलं, उद्या जळगाव जामोदला तुझ्या मावशीकडे जाऊ, गाडी मी चालवणार. मग मागच्या गल्लीत जाऊन कंडक्टरसाहेबांना सांगितलं की उद्या आपण येऊ नका. कारण सांगितलं नाही. ते त्यांना कळलं असणारच, कारण त्यांनी विचारलं नाही. परीक्षेच्या दिवशी मुलांनी वर्गाबाहेर ठेवलेल्या पुस्तकासारखं मी त्यांना बाहेर ठेवलं होतं.

सकाळी ते फाटकाशी आले, पेटीतली किल्ली काढून दिली, मी दार उघडलं. किल्ली पुन्हा पेटीत ठेवून त्यांनी कडी लावली आणि पेटी माझ्या हातात दिली. "सांभाळा," म्हणाले आणि पाठ करून, हात मागे बांधून उभे राहिले. पेटी मी तिच्या जागेवर ठेवली, मागे, डाव्या दाराशी. तुमचे बाबा माझ्या शेजारी बसले. मी पट्टा लावला, आरसा पाहिला, बटण दाबलं.

किल्ली आढळली नाही.

पुन्हा दाबलं. तेच.

"आई," तुमचे बाबा म्हणाले, "किल्ली कुठे ठेवली होतीस, आठवतं का?" आवाज अगदी मऊ. तो आवाज मी ओळखते. माझ्या सासूबाईंशी शेवटच्या काळात मी त्याच आवाजात बोलायची.

किल्ली तळव्यांत धरून गरम करावी लागते, असं सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आणि मिटलं. फाटकाशी ते तसेच पाठमोरे उभे होते. मदतीला वळलेही नाहीत. शेवटी मी समोर काचेकडे पाहत म्हणाले, "मागच्या पेटीची कडी काढ आणि झाकण दोनदा वाजव."

तुमच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून त्यांनी कडी काढली आणि झाकण वाजवलं. टण, टण. मी बटण दाबलं, गाडी सुरू झाली.

त्यांनी ती बंद करायला लावली. कडी लावली, मला बटण दाबायला सांगितलं. नाही. कडी काढून झाकण नुसतं उघडं धरलं, बेल नाही. सुरू. पुन्हा बंद. असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी कपाळ डॅशबोर्डवर टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. पण ते हसत होते.

"आई, ही पत्र्याची आहे," ते म्हणाले. "किल्ली सारखी गाडीला हाक मारत असते. पेटीत कोंडल्यावर कोणाला ऐकू जाणार?"

कारण आधी, परिणाम नंतर. एवढी वर्षं लाल शाईने लिहिलेलं वाक्य. किल्ली पर्समध्ये टाकली आणि गाडी काढली. खामगाव, नांदुरा, थेट जळगाव जामोद. गाडी मी फार छान चालवली, हे दुसऱ्या कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. परत येताना तुमचे बाबा म्हणाले की चिखलीच्या माणसाला नको म्हणून कळवतो. घरी पोचल्यावर ते पाय मोकळे करायला मागच्या गल्लीत गेले आणि मी चहा टाकला.

आता प्रश्न उरला कंडक्टरसाहेबांचा. त्यांना खरं सांगितलं तर पेटी गेली, पेटी गेली की बेल गेली, आणि बेल गेल्यावर ते मागे बसून काय करणार? मी रात्री विचार करून ठरवलं, सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली पुन्हा त्यांच्या स्वाधीन केली. पहिल्यासारखं सगळं सुरू झालं. बेल होईपर्यंत मी बटणाला हात लावत नसे. गरज नसताना एका म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवते आहे, आणि त्याला कळूही देत नाही, याचा मला फार आनंद होता. मावशीला मी तो दोनदा सांगितला. चांगली बाई असण्याचं सुख मी ती पूर्ण थंडी उपभोगलं.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. जानेफळच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली. मी जोरात ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि मागे पेटी सीटवरून खाली पडून उघडली. मी गाडी बंद करून वळून पाहिलं. जुनं तिकिटाचं पंच, सुपारीची पुडी, फिकट गुलाबी तिकिटांचा एक गठ्ठा. किल्ली नाही.

"चाबी," मी म्हणाले. घाबरल्यावर मीही चाबीच म्हणते.

त्यांनी शर्टाच्या डाव्या खिशावर हात ठेवला. "हाय. इथं."

"पेटीत का नाही?"

ते वाकून तिकिटं गोळा करायला लागले. "पेटी पत्र्याची हाय ना, मॅडम. पत्र्यातून आवाज जात नाई तिचा. भाऊनं सांगतलं होतं मले. आला होता तवा, जळगावहून आल्यावर संध्याकाळी." भाऊ म्हणजे तुमचे बाबा.

"मग इतके दिवस ती खिशातच होती?"

"हाव."

"आणि बेल?"

आता त्यांनी वर पाहिलं. मी पुन्हा हौदाचा कोपरा उडवला असावा तसं. "बेलबिगर गाडी काढान काय तुमी?"

म्हैस रस्ता ओलांडून गेली होती. मी विचारलं, भाऊ अजून काय म्हणाला? सुपारीची पुडी नीट दुमडून त्यांनी पेटीत ठेवली.

"म्हने, काका, तुमी मागं बसत असान तर गाडी विकत नाई. आईले एकटं जाऊ देऊ नका अन् तिले सांगू नका." मग जरा खालच्या आवाजात, "मी म्हटलं, सांगाचं काय त्यात. डायवर रस्ता पाह्यतो."

पुढचं वाक्य ते नेहमी म्हणायचे, या वेळी म्हणाले नाहीत. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. त्यांनी पेटी मांडीवर घेतली, कडी लावली, काचेतून दोन्ही बाजूंना पाहिलं. मी हात मांडीवर ठेवून समोर पाहत बसले.

हल्ली त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आहे आणि ते जळगाव जामोदला लेकीकडे असतात. मी महिन्यातून एकदा जाते. किल्ली पर्समध्ये असते. हे तुमच्या बाबांना वाचून दाखवा. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही.

त्या दिवशी जानेफळच्या रस्त्यावर ट्रॅक्टरवाला हॉर्न देऊन थकला, शेवटी आम्हाला ओलांडून पुढे गेला. जाताना माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाला. मी बटण दाबलं नाही. मग मागून आवाज आला, टण, टण, आणि मी गाडी सोडली.